माशी चावली अन् दम लागला? ॲलर्जीचं औषध स्वस्त, 'पेन' मात्र महाग. जाणून घ्या पेटंटचं गणित

डहाणू/तलासरी : गवत कापणी असो की चिकूच्या वाडीतलं काम, गांधीलमाशी किंवा आग्या मोहोळाची माशी चावणं आपल्याकडे नवं नाही. बहुतेकांना सूज येते अन् उतरते. पण काहींना माशीचं विष, कोळंबी किंवा एखादं औषध अजिबात सोसत नाही. अंगभर गांधी उठतात, जीभ सुजते, घसा आवळतो, दम लागतो, चक्कर येते. यात काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. यावर पहिलं औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन.

परदेशात असे रुग्ण 'एपिपेन' नावाचं पेन खिशात ठेवतात. मांडीवर दाबलं की सुई आपोआप टोचते आणि ठरलेला डोस जातो. अमेरिकेत २००७ च्या सुमारास दोन पेनांची किंमत १०० डॉलरच्या आसपास होती. २०१६ मध्ये ती ६०० डॉलरवर गेली, म्हणजे तेव्हाचे जवळपास ४० हजार रुपये! तिथे मोठी ओरड झाली.

आता गंमत बघा. आतलं औषध जुनंच आहे. ॲड्रेनालिनचं अमेरिकन पेटंट १९०३ सालचं, ते कधीच संपलं. नवं पेटंट होतं ते सुई टोचणाऱ्या यंत्राचं. तेवा कंपनीने पेटंटच्या भांडणात २०१२ ला तडजोड केली आणि २०१५ पासून विक्रीची मुभा मिळवली. तरी तिच्या जेनेरिक पेनाला सरकारी मंजुरी मिळायला ऑगस्ट २०१८ उजाडला. कारण पेन दरवेळी नीट चालतं हेही सिद्ध करावं लागतं. म्हणजे पेटंटची अडचण मिटली म्हणून वस्तू लगेच स्वस्तात हातात पडते असं नाही.

अमेरिकेचं पेटंट भारतात लागू होत नाही. इथे वेगळं पेटंट घ्यावं लागतं आणि ते २० वर्षांनी संपतं. तरीही हे पेन आपल्या देशात सहजासहजी मिळत नाही. मात्र तेच ॲड्रेनालिन छोट्या काचेच्या ॲम्प्युलमध्ये काही रुपयांना मिळतं. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही ते आहे. पेन म्हणजे सोय. जीव वाचवतं ते आतलं औषध. पण ॲम्प्युल फोडून सिरिंजमध्ये भरायला जाणता माणूस लागतो. म्हणून दूरच्या पाड्यावरच्या माणसासाठी दवाखान्यापर्यंतचं अंतर हाच खरा प्रश्न आहे.

सर्पदंशाची लस दिल्यावरही अशी रिॲक्शन येऊ शकते. त्यामुळे लस देताना ॲड्रेनालिन हाताशी असावंच लागतं.

काय करायचं?

- त्रास दिसताच १०८ ला फोन करा. गाडीची वाट बघण्यात वेळ जात असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळचा दवाखाना गाठा.
- रुग्णाला आडवं करून पाय वर ठेवा. दम लागत असेल तर बसवा, पण चालवू नका.
- फक्त पित्ताच्या गोळीवर थांबू नका. ती ॲड्रेनालिनची जागा घेत नाही.
- बरं वाटलं तरी लगेच घरी येऊ नका. काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.
- कशाची ॲलर्जी आहे ते कागदावर लिहून जवळ ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

आणि पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा : आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲड्रेनालिन शिल्लक आहे का, त्याची मुदत संपली तर नाही ना, आणि रात्री ते द्यायला कोण असतं?