विद्यापीठांतील तक्रार आणि विचारस्वातंत्र्य

गोंदिया जिल्ह्यांतील चोरखमारा गांवचा मुलगा काय किंवा आमच्या वाचकांच्या घरचा मुलगा काय, महाविद्यालयांत पाऊल टाकतांना दोन गोष्टींची हमी मागण्याचा त्यास सारखाच हक्क आहे : जातीवरून कोणी आपला पाणउतारा करूं नये, आणि मनांतला प्रश्न विचारतांना आपली जीभ चाचरूं नये. या दोन हमींत खरोखरच विरोध आहे काय, याचा शांतपणें विचार करणें अवश्य झालें आहे.

मे २०१९ मध्यें मुंबईच्या नायर रुग्णालयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनीं आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप कुटुंबीयांनीं केला. त्यांच्या व रोहित वेमुला यांच्या मातांनीं त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेचे नियम कागदावरच राहिले, अशी त्यांची तक्रार होती. पुढें १३ जानेवारी २०२६ रोजीं आयोगानें नवे नियम काढले. त्यांत समता समिती, चोवीस तासांची दूरध्वनि-सेवा आणि समता पथकें होतीं. खोट्या तक्रारीस दंड करण्याची मसुद्यांतील तरतूद मात्र गळाली. मोठा गदारोळ उठला, आणि २९ जानेवारीस न्यायालयानें नव्या नियमांस स्थगिती देऊन जुनेच चालू ठेवले.

त्या गदारोळांत कोणत्या जातीस संरक्षण मिळालें व कोणत्या नाहीं, याचीच चर्चा फार झाली. वाणीचें काय होणार, हें थोड्यांनींच विचारलें. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या अशाच पथकास स्वतः शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता. तरी पथकाच्या नुसत्या बोलावण्यानेंही विद्यार्थी गप्प बसूं शकतो, असें तेथील अपील न्यायालयानें २०१९ मध्यें म्हटलें.

आपल्याकडील उदाहरण कोल्हापूरचें आहे. काश्मीरसंबंधीं ३७० वें कलम रद्द करण्यावर टीका करणारा मजकूर एका प्राध्यापकानें व्हॉट्सॲपवर ठेवला, म्हणून त्याच्यावर फौजदारी गुन्हा नोंदला गेला. ७ मार्च २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द केला. शब्दांचा परिणाम दुबळ्या मनाच्या माणसावरून नव्हे, तर समंजस व खंबीर माणसावरून जोखावा, ही कसोटी तेथें लावली गेली. ती मूळची आपल्या नागपूरची. न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळांत ती घालून दिली होती.

हीच कसोटी विद्यापीठांनीं घ्यावी. एखाद्यास जातीवरून हिणविणें, त्याचे गुण कापणें, त्यास पंगतींतून उठविणें हा अपराध होय; त्याची चौकशी तत्काळ झाली पाहिजे. परंतु आरक्षण, धर्म किंवा इतिहास यांवरील मत, तें कितीही कडू असो, त्यास उत्तर मतानेंच द्यावें. नियमांत ही सीमा स्पष्ट शब्दांत लिहावी, आणि ज्याच्यावर आरोप असेल त्याचें म्हणणें ऐकल्यावांचून निर्णय देऊं नये. असें झाल्यास तक्रार करणाराचेंही बळ वाढेल, कारण खऱ्या तक्रारीवर मग कोणी शंका घेणार नाहीं.

आमच्या वाचक-कुटुंबांस एक विनंति. स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्यानें आपल्या घरचें बोलणेंही तपासावें. जेवतांना सहज उच्चारलेली जातीवरची कोटी मुलें शिदोरीसारखी वसतिगृहांत नेतात. ती कोटी घरींच थांबली, तर महाविद्यालयांतील समित्यांना काम थोडें उरेल, आणि वादाला जागा पुष्कळ मिळेल.