मुळशीतील घरगुती संगणक आणि आभासी स्मृतीची टंचाई : एक मागोवा

विंडोज एक्सपी ही संगणकप्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिला मिळणारा अधिकृत आधार थांबला. या साडेबारा वर्षांत पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या अगदी वर, पिवळ्या त्रिकोणासह उमटणारी एक सूचना महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या परिचयाची झाली. व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे आभासी स्मृती, कमी पडत आहे, विंडोज आपल्या पेजिंग फाइलचा आकार वाढवीत आहे आणि तोवर काही प्रोग्रॅमांना स्मृती नाकारली जाऊ शकते, असा तिचा आशय होता. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका या सूचनेचा मागोवा घेण्यास विशेष योग्य आहे, कारण एमआयडीसीने हिंजवडी आणि माण परिसरात वसवलेले राजीव गांधी इन्फोटेक पार्क याच तालुक्यात आहे आणि जेथे एखाद्या घरात पहिला संगणक येणे ही त्या काळी मोठी घटना होती, ती पौडपासून ताम्हिणीपर्यंतची गावेही याच तालुक्यात आहेत.

आभासी स्मृतीची कल्पना घरगुती संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या व १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकात ती प्रथम प्रत्यक्षात उतरली. चालू कामासाठी लागणारी जलद पण महाग स्मृती, जिला आज रॅम म्हणतात, नेहमीच अपुरी असते. म्हणून तिचे समान आकाराचे तुकडे, म्हणजे ‘पाने’, पाडायचे, ज्या पानांची त्या क्षणी गरज नाही ती संथ पण विपुल साठ्यात ठेवायची आणि प्रोग्रॅमला मात्र सर्व स्मृती एकसंध असल्याचे भासवायचे, हे त्या कल्पनेचे सार होते. १९८५ च्या इंटेल ८०३८६ प्रक्रियकाने ही सोय छोट्या संगणकात आणली व पानाचा आकार चार किलोबाइट ठरला. १९९० च्या विंडोज ३.० ने तिचा वापर सुरू केला. एक्सपीमध्ये हा संथ साठा म्हणजे हार्ड डिस्कच्या सी ड्राइव्हवर असलेली, एरवी न दिसणारी ‘पेजफाइल डॉट सिस’ ही पेजिंग फाइल होय.

सूचनेचा खरा अर्थ मात्र या वर्णनावरून लगेच हाती लागत नाही. प्रोग्रॅम स्मृती मागतो तेव्हा ती त्याच क्षणी वापरली जातेच असे नाही. पतसंस्था कर्ज मंजूर करते आणि कर्जदार सवडीने उचल करतो, तसाच हा व्यवहार असतो. मंजूर केलेली प्रत्येक रक्कम कधीतरी उचलली जाईल असे धरून विंडोज रॅम आणि पेजिंग फाइल यांच्या बेरजेपलीकडे काहीही मंजूर करीत नाही. या बेरजेला ‘कमिट लिमिट’ म्हणतात आणि सूचना येते ती ही मर्यादा जवळ आल्यावर. म्हणून संगणक संथ होणे आणि ही सूचना येणे, या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र दिसत असल्या तरी एक नव्हेत. गोंधळात भर अशी की एक्सपीच्या टास्क मॅनेजरमध्ये या मंजूर स्मृतीच्या आकड्यालाच ‘पीएफ युसेज’, म्हणजे पेजिंग फाइलचा वापर, असे नाव दिले होते. त्यामुळे रॅम मोकळी असतानाही डिस्कवरची फाइल भरत चालल्याचा समज होत असे.

२००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला, शासकीय नोकरीसाठी संगणकाचे ज्ञान आवश्यक ठरू लागले आणि घरी सरावासाठी सुटे भाग जोडून तयार केलेला, म्हणजे ‘असेंबल्ड’, संगणक घेण्याची चाल पडली. एक्सपीला किमान ६४ आणि शिफारशीनुसार १२८ मेगाबाइट रॅम पुरे, असे तिच्या निर्मात्यांनी म्हटले होते. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी पुष्कळ घरांत नेमकी तेवढीच, म्हणजे १२८ मेगाबाइट, रॅम बसविली जाई. त्यातच चित्रासाठी वेगळे कार्ड न घेता मदरबोर्डवरच्या सोयीवर भागविले जाई आणि ही सोय स्वतःसाठी मुख्य रॅममधूनच वाटा काढून घेई. हा वाटा ३२ मेगाबाइट धरला तर विंडोजच्या हाती ९६ उरत. पेजिंग फाइल आरंभी रॅमच्या दीडपट आणि जास्तीत जास्त तिप्पट ठेवण्याचा एक्सपीचा शिरस्ता होता. त्या हिशेबाने ती १४४ मेगाबाइटपासून २८८ पर्यंत वाढू शकत असे, आणि सारी मर्यादा २४० पासून सुरू होऊन ३८४ ला संपत असे. पार्श्वभूमीवर सतत जागा असलेला व्हायरसरोधक प्रोग्रॅम, एक ब्राउझर, वर्डमधील एक मोठी फाइल आणि गाणी वाजविणारा प्रोग्रॅम एवढे एकाच वेळी उघडले की आरंभीची मर्यादा ओलांडली जाणे अगदी साहजिक होते.

फाइल वाढण्यासाठी सी ड्राइव्हवर जागा लागते, आणि अडचणीची खरी गाठ येथे होती. ४० गीगाबाइटच्या हार्ड डिस्कचे तीन-चार भाग पाडून सी ड्राइव्हला लहानसा हिस्सा देण्याची असेंबल करणाऱ्यांची पद्धत होती. डेस्कटॉप आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ हे दोन्ही सी ड्राइव्हवरच असतात, हे घरातील मंडळींना कोणी सांगितलेले नसे. लग्नाची छायाचित्रे आणि गाणी डेस्कटॉपवर साठत जात आणि डी व ई ड्राइव्ह रिकामे असताना सी तुडुंब भरे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागाने सोसलेल्या भारनियमनाने यात भर घातली. वीज अचानक गेली की तात्पुरत्या फाइली पुसल्या न जाता तशाच राहत, आणि एफएटी ३२ पद्धतीच्या डिस्कवर पुढच्या वेळी तपासणी होऊन सापडलेले तुटके अंश ‘फाउंड डॉट ०००’ अशा नावाच्या फोल्डरांत जमा होत. ज्या धरणासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांनी जमिनी गमावल्या आणि ज्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहून पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, त्याचे पाणी आजही सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते व ती वीज मुंबईला मिळते. तालुक्यातील घरांच्या अंधाराची नोंद करताना हे विसरून चालत नाही.

तिसरे कारण पावसाचे. ताम्हिणीच्या बाजूला चार महिने मुसळधार पाऊस आणि धुके असते. दमट हवेत रॅमच्या पट्टीच्या टोकाशी असलेल्या सोनेरी संपर्कबिंदूंवर आणि खाचेत पुटे चढतात आणि दोनपैकी एक पट्टी संगणकाला ‘दिसेनाशी’ होते. अशा वेळी संगणक बंद पडत नाही, तो निम्म्या रॅमवर मुकाट्याने चालू राहतो आणि काही दिवसांनी पिवळा त्रिकोण दिसू लागतो. दुरुस्ती करणारे कारागीर पट्टी काढून तिची टोके शाळेतल्या खोडरबराने हलकेच पुसत, फुंकर मारीत आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक’ असा आवाज होईपर्यंत दाबून ती पुन्हा बसवीत. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ठळकपणे न आढळणारे हे ज्ञान हातांतून हातांत गेले, आणि कोकणाला लागून असलेल्या पट्ट्यात त्याचे मोल मोठे होते.

सर्वाधिक प्रचलित उपाय मात्र ‘फॉरमॅट मारणे’ हाच राहिला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे. त्याने सी ड्राइव्ह रिकामा होई आणि पेन ड्राइव्हमधून आलेले व्हायरसही जात, त्यामुळे काही महिने बरे चाले. पण त्याबरोबर कारणाचा पुरावाही पुसला जाई. एखादा प्रोग्रॅम घेतलेली स्मृती परत न करता मागतच राहतो, या दोषाला स्मृतीची गळती म्हणतात, आणि फॉरमॅटनंतर तोच प्रोग्रॅम त्याच सीडीवरून पुन्हा बसविला जात असल्याने गळतीही परत येई. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर ‘कमिट चार्ज’खाली एकूण, मर्यादा आणि उच्चांक असे तीन आकडे दिसत. नेहमीची सर्व कामे एकदा उघडून उच्चांक पाहायचा आणि मर्यादा त्याहून पुरेशी मोठी राहील इतकी पेजिंग फाइल ठेवायची, ही रीत अधिक शास्त्रीय होती, तरी ती फार थोड्यांपर्यंत पोहोचली. ज्यांना ‘माय कॉम्प्युटर’च्या गुणधर्मांतून ‘ॲडव्हान्स्ड’, तेथून कार्यक्षमतेची मांडणी, तेथून व्हर्च्युअल मेमरी, असा मार्ग माहीत होता, तेही शेवटी चकत. कारण नवे आकडे लिहून ‘सेट’ हे बटण न दाबता सरळ ‘ओके’ केले तर काहीच बदलत नसे. सूचना इंग्रजीत होती, वर्गात टंकलेखन, पत्रलेखन आणि तक्ते यांवर भर होता. सूचनेतील प्रत्येक शब्द खरा असूनही तिचा उपयोग घरांना करून घेता आला नाही, ही त्या काळातील संगणकशिक्षणाची मोठी उणीव मानावी लागते.

संथपणाचे कारण वेगळे होते आणि त्याचे निदान संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच केले होते. चालू कामाला सतत लागणारी पाने रॅममध्ये मावली नाहीत, तर संगणकाचा सारा वेळ पाने ने-आण करण्यातच जातो. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यालाच चार मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो, वाचणारे शीर्ष जागेवर नेण्यास आणखी आठ-नऊ, म्हणजे विखुरलेली पाने सेकंदाला जेमतेम ऐंशी. रॅमला तेच काम मायक्रोसेकंदाच्या अंशात जमते. खोक्यावरचा डिस्कचा लाल दिवा न विझता तेवत राहणे हे याचे लक्षण, आणि यावर पेजिंग फाइल वाढविणे हा उपाय नव्हे. रॅमच वाढवावी लागते.

पुढे रॅम स्वस्त होत गेली. विंडोज ७ ने २००९ मध्ये किमान एक गीगाबाइट मागितली आणि नव्या संगणकांत दोन-चार गीगाबाइट सर्रास येऊ लागली. फिरत्या डिस्कची जागा एसएसडीने घेतल्यावर पानांची ने-आण जाणवेनाशी झाली. विंडोज १० ने तर पाने डिस्कवर पाठविण्याआधी रॅममध्येच दाबून लहान करण्यास सुरुवात केली. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी जुने संगणक पुन्हा बाहेर निघाले, तेव्हा प्रत्येक टॅबसाठी वेगळी प्रक्रिया चालविणाऱ्या ब्राउझरांनी व व्हिडिओवर्गांनी त्यांची मर्यादा पुन्हा उघडी पाडली. आता मोबाइलच्या खोक्यावर ‘८+८ जीबी’ असे छापलेले असते. त्यातला दुसरा आकडा रॅमचा नसून साठ्यातून उसन्या घेतलेल्या जागेचा असतो आणि पहिल्या आकड्याच्या वेगाने तो कधीच चालत नाही. ज्या घरांत आजही संगणक आहे, तेथे टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’ पानावर ‘कमिटेड’ या शीर्षकाखाली मंजूर स्मृती आणि तिची मर्यादा यांचे दोन आकडे शेजारी शेजारी, तिरप्या रेघेने वेगळे केलेले, पाहता येतात.