व्हिक्सबर्गचा वेढा
व्हिक्सबर्गचा वेढा : (१८ मे – ४ जुलै १८६३). अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) एक निर्णायक वेढा. मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग हे शहर मिसिसिपी नदीच्या पूर्व तीरावरील उंच कड्यावर वसले असून त्या काळी त्याच्यासमोर नदी तीव्र वळण घेत असे. वळणावर मंदावणारी जहाजे कड्यावरील तोफांच्या टप्प्यात येत. हे ठाणे हाती असेतो टेक्सस, लुइझिॲना इ. पश्चिमेकडील राज्यांची रसद दक्षिणेच्या पूर्वेकडील सैन्यांना मिळू शके.

१८६२ मध्ये आरमाराचा भडिमार व डिसेंबरमध्ये शर्मनने केलेला हल्ला हे दोन्ही निष्फळ ठरले. वळण टाळण्यासाठी खणलेला कालवाही फसला. तेव्हा जनरल युलिसिस ग्रँटने सैन्य पश्चिम तीराने दक्षिणेस नेले. १६ एप्रिल १८६३ च्या रात्री पोर्टरच्या युद्धनौका तोफांच्या माऱ्यातून पार झाल्या व ३० एप्रिल रोजी सैन्याने नदी ओलांडली. त्यानंतर पाच लढाया जिंकून ग्रँट पूर्वेकडून शहरावर चालून आला.

शहराचा बचाव दुहेरी हुकमांत सापडला होता. सेनापती जॉन्स्टनचा आग्रह शहर सोडून सैन्य वाचविण्याचा, तर अध्यक्ष डेव्हिस यांचा शहर राखण्याचा होता. पेंबर्टनने शहर राखण्याचे ठरविले आणि अखेर शहर व सैन्य दोन्ही गमावले. १९ व २२ मे रोजीचे हल्ले मात्र त्याने परतविले. दुसऱ्या हल्ल्यात उत्तरेचे सु. ३,२०० सैनिक हताहत झाले. त्यामुळे ग्रँटने खंदक पुढे सरकवीत नेले व २५ जूनला तटाखाली सुरुंग उडविला. पण खिंडारातून आत शिरणे जमले नाही. शहर पाडले ते उपासमारीने. नागरिक टेकड्यांत खोदलेल्या गुहांत राहत, खेचरांचे मांस खाल्ले जाई आणि स्थानिक वृत्तपत्र भिंतीला चिकटविण्याच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर छापले जाई. जॉन्स्टनची कुमक आली नाही.

४ जुलै रोजी सु. २९,५०० सैनिक शरण आले. त्यांना उत्तरेत नेण्यात जहाजे गुंतली असती, म्हणून युद्धकैद्यांची अदलाबदल होईपर्यंत शस्त्र न धरण्याच्या वचनावर बहुतेकांना सोडण्यात आले. ९ जुलै रोजी पोर्ट हडसनही पडले व संपूर्ण नदी उत्तरेच्या ताब्यात आली. पुढे १८७६ मध्ये नदीनेच प्रवाह बदलून शहराची साथ सोडली. १९०३ मध्ये कालवा काढून याझू नदीचे पाणी शहराच्या धक्क्यापाशी आणण्यात आले.