'हे बेबी' : अविवाहित पितृत्वाचे विनोदी चित्रण आणि संगोपनाचा प्रश्न

प्रस्तावना

हिंदी चित्रपटाने मातेची प्रतिमा जितक्या विस्ताराने रंगविली, तितकी पित्याची रंगविली नाही. पडद्यावरील पिता हा बहुधा शिस्तीचा, घराण्याच्या प्रतिष्ठेचा अथवा त्यागाचा प्रतिनिधी असतो. तान्ह्या मुलाला न्हाऊमाखू घालणारा, त्याची बाळोती बदलणारा, त्याच्यासाठी रात्र जागून काढणारा पुरुष तेथे क्वचितच दिसतो. दिसलाच तर तो विनोदाचा विषय म्हणून. मराठीत 'आईपण' हा शब्द रुळलेला आहे. 'बापपण' मात्र आजही काहीसा घडवून वापरल्यासारखा वाटतो. भाषेतील हे अंतर समाजातील अंतराचेच निदर्शक होय. या पार्श्वभूमीवर साजिद खान दिग्दर्शित 'हे बेबी' (2007) या चित्रपटाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कथेचा प्रवास

सिडनी शहरात एकत्र राहणारे आरुष मेहरा, अली हैदर आणि तन्मय जोगळेकर हे तीन अविवाहित मित्र (अनुक्रमे अक्षय कुमार, फरदीन खान व रितेश देशमुख) चैनीचे आणि बेजबाबदार जीवन जगत असतात. एके दिवशी त्यांच्या दाराशी एक तान्ही मुलगी सोडलेली आढळते. येथून सुरू होणारी कथा मूळची भारतीय नाही. फ्रेंच दिग्दर्शिका कोलीन सेरो यांनी 1985 मध्ये तीन पुरुष आणि एका पाळण्याची ही गोष्ट प्रथम पडद्यावर आणली. त्या चित्रपटास फ्रान्समधील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सेझार पुरस्कार लाभला. लिओनार्ड निमॉय यांनी दिग्दर्शित केलेली 'थ्री मेन अँड अ बेबी' (1987) ही तिची अमेरिकन आवृत्ती कमालीची लोकप्रिय ठरली. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा 'बाळाचे बाप ब्रह्मचारी' (1989) हा मराठी चित्रपट आणि 'तूवलस्पर्शम्' (1990) हा मल्याळम चित्रपट याच कुळातील होत. म्हणजे 'हे बेबी' प्रदर्शित होण्यापूर्वी जवळजवळ दोन दशके मराठी प्रेक्षकाला ही कल्पना ओळखीची झालेली होती. हिंदी चित्रपटाच्या नावीन्याची चर्चा करताना या गोष्टीचा सोयीस्कर विसर पडतो.

कथा एका देशातून दुसऱ्या देशात जाताना तिचा शेवट कसा बदलला, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. सेरो यांच्या चित्रपटात प्रश्न अगदी साधा आणि म्हणूनच बोचरा आहे : मूल सांभाळण्याचे काम करायचे कोणी? दूध कोणते द्यावे, किती वेळाने द्यावे, रडणे थांबत नसेल तर काय करावे, या तपशिलांत ते तीन पुरुष अक्षरशः बुडून जातात. त्यांची झोप उडते, कामे खोळंबतात, मौजमजा संपते. माता परत येऊन मुलीस घेऊन जाते. पण नोकरी आणि बाळ ही कसरत एकटीने करताना ती थकून जाते व पुन्हा त्याच दारी येते. अखेरीस ती दमलेली तरुणी बाळाच्या पाळण्यातच झोपी गेलेली दिसते. विवाह होत नाही. कोणाला शिक्षाही होत नाही. श्रमाची वाटणी मात्र बदलते. अमेरिकन आवृत्तीतही माता त्या तिघांच्या घरी राहावयास येते, तीही विवाहाविनाच.

'हे बेबी'मध्ये संगोपनाचे हे श्रम काही विनोदी प्रसंगांपुरते येतात. नायकांचे परिवर्तन त्या श्रमांतून होत नाही. बाळाला टाळण्याच्या प्रयत्नात ते पावसात भिजते, त्याला न्यूमोनिया होतो, आणि रुग्णालयातील भीतीच्या घटकांमध्ये या पुरुषांची मने पालटतात. अपराध, पश्चात्ताप आणि प्रार्थना हा हिंदी चित्रपटाचा जुना आणि हमखास मार्ग आहे. तो परिणामकारक नाही असे म्हणता येणार नाही. चित्रपटगृहात हसणारा प्रेक्षक या ठिकाणी गप्प होतो, आणि त्या प्रसंगामागील भाव खोटा वाटत नाही. परंतु ज्याचे मन एका रात्रीत बदलते, त्याला रोजच्या बाळोत्यांची सवय झाली की नाही, हे विचारण्याची गरज कथेला उरत नाही.

उत्तरार्धात तर प्रश्नच बदलतो. मुलीची माता ईशा (विद्या बालन) समोर येते आणि आरुष हाच मुलीचा जन्मदाता असल्याचे उघड होते. ईशाच्या वडिलांनी मूल वाचले नाही असे तिला सांगून ते जन्मदात्याच्या दाराशी सोडलेले असते. येथपासून कथा 'मूल सांभाळायचे कोणी' हे सोडून 'मूल कोणाचे' या वळणावर जाते, आणि विवाहाने तिची सांगता होते. मातेला तिच्या अपत्यापासून फसवणुकीने दूर ठेवणे हा गंभीर अन्याय आहे. चित्रपट त्याला आजोबांची चूक मानून पुढे सरकतो, ही या कथेतील सर्वांत खटकणारी बाब म्हणावी लागेल. अली आणि तन्मय यांचेही त्या मुलीवर तितकेच प्रेम असते. रक्ताचे नाते सिद्ध होताच मात्र त्यांचे पितृत्व दुय्यम ठरते. तीन बापांच्या कथेत शेवटी एकच बाप उरतो.

तुलनेसाठी मेहमूद यांचा 'कुँवारा बाप' (1974) आठवणे उचित ठरेल. त्यातील नायक सायकलरिक्षा ओढणारा गरीब माणूस आहे. मंदिरापाशी सापडलेले मूल त्याच्या गळ्यात पडते; पुढे त्या मुलाला पोलिओ होतो. मुलाची भूमिका मेहमूद यांच्या स्वतःच्या, पोलिओग्रस्त पुत्राने केली होती. चित्रपट भडक आहे, पण त्यात रक्ताच्या नात्याचा आधार न घेता बापपण सिद्ध होते, तेही लस, औषध आणि रोजची मिळकत यांच्या हिशेबातून. सिडनीतील प्रशस्त घरात हा हिशेब करण्याची वेळच येत नाही.

कायदा आणि अविवाहित पिता

कथेचे स्थळ ऑस्ट्रेलिया असले तरी पात्रे आणि प्रेक्षक भारतीय आहेत. त्यामुळे भारतीय कायद्याच्या दृष्टीनेही तिच्याकडे पाहता येते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 नुसार विवाहसंबंधातून जन्मलेल्या अपत्याचा नैसर्गिक पालक प्रथम पिता आणि त्याच्यानंतर माता. विवाहबाह्य अपत्याच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे : प्रथम माता, नंतर पिता. म्हणजे आरुषचा हक्क ईशाच्या हक्कानंतरचा ठरला असता. गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये 'नंतर' या शब्दाचा अर्थ 'मृत्यूनंतर' असा न लावता 'अनुपस्थितीत' असा लावला. 2015 मध्ये तर अविवाहित मातेला पित्यास नोटीस न देताही पालकत्वासाठी अर्ज करता येतो, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला.

अली आणि तन्मय यांची स्थिती अधिक विचारात पाडणारी आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 57 प्रमाणे एकट्या पुरुषास मुलगी दत्तक घेता येत नाही. या तरतुदीमागे मुलीच्या सुरक्षिततेची काळजी आहे आणि ती निराधार नाही. पण तिच्यात एक गृहीतकही दडलेले आहे : पुरुष हा संगोपन करणारा असू शकतो, यावर समाजाचा मुळातच विश्वास नाही. 'हे बेबी'मधील विनोद नेमक्या याच गृहीतकावर उभा आहे. पुरुषाच्या हातात बाळ विजोड दिसते, म्हणून प्रेक्षक हसतो.

रजेच्या नियमांतही हेच चित्र दिसते. 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली. त्या अधिनियमात पित्यासाठी अशी रजा नाही. केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांना 2008 पासून संपूर्ण सेवाकाळात 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. 2018 मध्ये ती एकल पुरुष कर्मचाऱ्यांना, म्हणजे अविवाहित, विधुर आणि घटस्फोटित पित्यांनाही लागू करण्यात आली. त्याच कार्यालयात शेजारच्या मेजावर बसणाऱ्या विवाहित पित्यासाठी नियमांत आहे ती 15 दिवसांची पितृत्व रजा.