शिक्षांची बेरीज

लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, हे शाळेतले पोरही सांगेल. परंतु न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची अशी एक शिक्षा दिलीच नव्हती. ‘केसरी’तील दोन लेखांबद्दल राजद्रोहाचे दोन आरोप होते. २२ जुलै रोजी त्यांवर प्रत्येकी तीन वर्षे काळे पाणी आणि तिसऱ्या आरोपावर एक हजार रुपये दंड झाला. दोन्ही शिक्षा एकापाठोपाठ भोगावयाच्या, म्हणून तीन आणि तीन सहा. त्याच शिक्षा बरोबरीने चालल्या असत्या, तर तीन वर्षांत संपल्या असत्या! मुंबईच्या गिरणी कामगारांनी मात्र बेरीज नेमकी ओळखली. वर्षाला एक दिवस या हिशेबाने त्यांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या.

हा हिशेब आजही तसाच आहे. खांदा कॉलनीतून तळोज्याला पाळीवर जाणाऱ्या कामगाराचेच उदाहरण घेऊ. फाटकापाशी गडबड झाली, तर एकाच सकाळीबद्दल बेकायदा जमाव, अडवणूक, दुखापत अशी कलमे लागतात. सगळी शाबीत झाली, तर घरी परतावयाचे केव्हा?

जुन्या १९७३ च्या संहितेत न्यायाधीश गप्प राहिले, की शिक्षा एकापाठोपाठच चालत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २५ सांगते, की गुन्ह्याचे गांभीर्य पाहून न्यायालयाने शिक्षा एकत्र की एकापाठोपाठ ते ठरवावे. एकापाठोपाठ दिल्या तरी एकूण कैद वीस वर्षांपलीकडे जाऊ नये. पूर्वी ही मर्यादा चौदा होती. शिवाय, त्या न्यायालयाला एका गुन्ह्यास देता येणाऱ्या शिक्षेच्या दुपटीहून ती अधिक नसावी. जन्मठेपा मात्र एकापुढे एक लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले. माणसाला जन्म एकच! आणि दंड न भरल्याची कैद वेगळीच मोजतात, हे गरिबाने विसरू नये.

तीन रात्री तीन घरे लुटणाऱ्याला तीन शिक्षा ओळीने भोगाव्या लागल्या, तर आम्ही तक्रार करणार नाही. लुबाडलेली माणसे तीन आहेत. एका सकाळीच्या एका कृत्याची बेरीज मात्र तशी करणे न्यायाचे नव्हे. सत्र न्यायालयात दोषी ठरल्यावर शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे ऐकून घेतात. तेथे घरची माणसे, वय, मागचे वर्तन सांगावे, आणि शिक्षा एकत्र चालाव्यात एवढे वकिलाकडून स्पष्ट मागून घ्यावे. त्या एका शब्दावर घरच्यांची वर्षे अवलंबून असतात.