स्नायू, मज्जा आणि चेता : एका परिभाषेची परवड

आधुनिक शारीरशास्त्र ज्याला ‘नर्व्ह’ म्हणते त्यास मराठीत कोणता शब्द योजावा, हा प्रश्न वरकरणी केवळ भाषेचा वाटतो. परंतु चिकित्सा व औषधनिर्मिती या दोहोंशी त्याचा निकटचा संबंध आहे, म्हणून वैद्यबंधू व औषधनिर्माते या उभयतांसमोर तो मांडीत आहे.

प्रथम संहितांकडे वळू. सुश्रुताने शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात नऊशे स्नायू सांगितले आहेत : शाखांत सहाशे, कोष्ठात दोनशे तीस व ग्रीवेच्या वर सत्तर. प्रतानवती, वृत्त, पृथु व सुषिर असे त्यांचे चार प्रकार होत. फळ्या बंधनांनी घट्ट बांधलेली नौका जशी पाण्यात भार पेलते, तसे स्नायूंनी बांधलेल्या संधींमुळे शरीर भार वाहते, असा दृष्टांत तेथे आहे. यावरून स्नायू म्हणजे बांधणारा अवयव, हे स्पष्ट होते. आकुंचन पावणाऱ्या मांसास सुश्रुत ‘पेशी’ म्हणतो व त्यांची संख्या पाचशे देतो.

आता व्यवहारातील मराठी पाहा. ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी आणि ‘पेशी’ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा शरीराचा घटक! हिंदीत पेशी मांसाचीच राहिली; परंतु ‘स्नायु’ हा शब्द बंगालीत व बऱ्याच हिंदी लेखनात नर्व्हचा वाचक झाला. हा अर्थ अगदीच निराधार म्हणता येत नाही. ग्रीक ‘न्यूरॉन’ शब्दाचा मूळ अर्थही कंडरा, धनुष्याची दोरी असाच होता आणि संस्कृत ‘स्नावन्’शी त्याचे सख्य भाषाशास्त्रज्ञ मानतात. तथापि शब्दाचे कूळ एक असले म्हणून आजचा अर्थ एक ठरत नाही.

मराठीने नर्व्हसाठी ‘मज्जातंतू’ स्वीकारला. पाठीच्या कण्यातील रज्जूला लॅटिनमध्ये ‘मेड्युला’, म्हणजे मज्जाच, म्हणत. ‘मायलायटिस’ व ‘ऑस्टिओमायलायटिस’ या दोन निराळ्या व्याधींच्या नावांत तो घोळ आजही टिकून आहे. आपल्याला मात्र तो उसना घेण्याचे कारण नव्हते. चरकाने शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात मज्जेचे प्रमाण एक अंजली व मस्तिष्काचे अर्धी अंजली असे पृथक् दिले आहे. मज्जा हा अस्थिगत धातू, मस्तिष्क वेगळे.

या शब्दांची खरी परीक्षा प्राणिशास्त्रात होते. झुरळाला वा गांडुळाला अस्थीच नाहीत, मग मज्जा कोठून असणार? तरीही त्याच्या शरीरात पोटाच्या बाजूने जाणारी रज्जू आहे, तिच्यावर ठिकठिकाणी गुच्छिका आहेत. तिला ‘मज्जारज्जू’ म्हणणे हास्यास्पद, आणि कणा नसल्याने ‘मेरुरज्जू’ही म्हणता येत नाही. ‘चेतारज्जू’ हा शब्द मात्र झुरळालाही चालतो व माणसालाही. शालेय पाठ्यपुस्तकांतील ‘चेतासंस्था’ मला याच कारणाने पटते. मराठी विश्वकोशाने ‘तंत्रिका तंत्र’ पसंत केले. तोही निर्दोष आहे, पण रुग्णाच्या तोंडी बसत नाही. कविराज गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’मध्ये ‘नाडी’ योजला. मराठी वैद्याने तो वापरला तर रुग्ण मनगटच पुढे करील.

चिकित्सेत याचे परिणाम काय? स्नायू, संधी व अस्थिगत वातात सुश्रुताने स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन सांगितले. स्नायूचा अर्थ मांस केला तर अग्निकर्माचे स्थान एक ठरते, संधिबंध केला तर दुसरे, आणि चेता केला तर तिसरेच. नगरलगतच्या नागापूर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी मराठी कामगार ‘शीर आखडली’ म्हणतो, उत्तरेकडून आलेला ‘नस दब गई’ म्हणतो. दोघांच्याही मनात सिरा नसते. अशा वेळी रुग्णपत्रिकेवर ‘स्नायुगत वात’ एवढेच लिहून थांबू नये, वेदना कोठून कोठे जाते, बधिरता आहे का, बल घटले आहे का, हेही नोंदवावे. गृध्रसीत सुश्रुताने कंडरेचा निर्देश केला आहे, हेही ध्यानात ठेवावे. ज्या नगरात १९१७ पासून आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि ज्या गंगाधरशास्त्री गुणे यांचे नाव त्यास आहे त्यांनी औषधी गुणधर्मशास्त्र मराठीत लिहिले, तेथील वैद्यांकडून इतकी अपेक्षा अवाजवी नाही.

औषधनिर्मात्यांचा प्रश्न अधिक नाजूक. मराठी वेष्टनावर ‘स्नायूंच्या अशक्ततेवर’ असे छापले व हिंदी भाषांतरकाराने त्याचे ‘स्नायविक दुर्बलता’ केले, तर अर्थ ‘नर्व्हस डेबिलिटी’ होतो. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) अधिनियमाच्या अनुसूचीत ही व्याधी आहे. पक्षाघात व मेंदूचे विकारही आहेत. या कायद्यात वेष्टन व लेबल यांचाही ‘जाहिरात’ या संज्ञेत समावेश होतो. म्हणजे तेल तेच, पाठ तोच, आणि एका शब्दापायी निर्माता अडचणीत! मांसाविषयी सांगावयाचे असेल तेथे हिंदीत ‘मांसपेशी’ व मराठीत ‘मांस’ किंवा ‘स्नायू (मांसपेशी)’ असे छापावे, आणि छपाईपूर्वी हिंदी मजकूर शारीर जाणणाऱ्या वैद्याकडून वाचून घ्यावा.