तरुण आणि शेती : प्रश्न आवडीचा नव्हे, उत्पन्नाचा आणि जमिनीचा

देशातील एकूण रोजगारापैकी सुमारे ४६ टक्के रोजगार आजही शेती व संलग्न क्षेत्रांत आहे. सकल मूल्यवर्धनातील या क्षेत्राचा वाटा मात्र सुमारे १८ टक्केच आहे. ही तफावत ग्रामीण युवकांच्या रोज प्रत्ययास येते. २००३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ५९ व्या फेरीत सुमारे ४० टक्के शेतकऱ्यांनी, पर्याय मिळाल्यास आपण दुसरा व्यवसाय निवडू, असे सांगितले होते. २००१ ते २०११ या दशकात शेतकऱ्यांची संख्या १२.७३ कोटींवरून ११.८८ कोटींवर आली आणि शेतमजुरांची संख्या १०.६८ कोटींवरून १४.४३ कोटींवर गेली.

उत्पन्नाचे गणित

२०१८-१९ च्या सर्वेक्षणानुसार शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात मजुरी व वेतनाचा वाटा ४,०६३ रुपये, तर पिकांपासूनच्या निव्वळ प्राप्तीचा वाटा ३,७९८ रुपये होता. म्हणजेच शेतकरी म्हणून नोंदलेले कुटुंबही पिकापेक्षा मजुरीवर अधिक अवलंबून होते. यामागे धारणक्षेत्राचे विभाजन हे एक प्रमुख कारण आहे. १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर असलेले सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.०८ हेक्टरवर आले. अल्प व अत्यल्प भूधारकांचे प्रमाण आता ८६ टक्क्यांच्या आसपास आहे.

धोरणाची वाटचाल

डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाच्या (२००४) शिफारशींच्या आधारे आलेल्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने, तरुणांना शेतीकडे आकृष्ट करणे व तेथे टिकवून ठेवणे हे उद्दिष्ट स्पष्टपणे मांडले. त्याआधीच, २००२ मध्ये, कृषी पदवीधरांसाठी कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना सुरू झाली होती. प्रशिक्षणानंतर बँक कर्ज व त्यावरील अनुदान, असे तिचे स्वरूप आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१५-१६ पासून ‘आर्या’ प्रकल्पाद्वारे कृषी विज्ञान केंद्रांमार्फत ३५ वर्षांखालील ग्रामीण युवकांना अळिंबी, मधुमक्षिकापालन, कुक्कुटपालन, रोपवाटिका व प्रक्रिया यांचे प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांची योजना व एक लाख कोटी रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा निधी जाहीर झाला.

या उपक्रमांचे समान सूत्र असे की, तरुणाने केवळ पीक न घेता प्रतवारी, साठवण, प्रक्रिया व सेवा यांतील मूल्यवर्धनातही वाटा मिळवावा.

जमिनीचा अडसर

प्रशिक्षण घेतलेल्या तरुणापुढे पुढचा प्रश्न उभा राहतो तो जमिनीचा. सातबारा किंवा तत्सम नोंद बहुधा वडिलांच्या अथवा आजोबांच्या नावे असते. जमीन खंडाने घ्यावी, तर अनेक राज्यांतील कूळ कायदे खंडावर निर्बंध घालतात. त्यामुळे व्यवहार तोंडी होतात. मालकाला जमीन जाण्याची भीती आणि कसणाऱ्याला पुराव्याची वानवा. किसान क्रेडिट कार्ड योजनेत तोंडी खंडकरी व बटाईदारही पात्र आहेत. तथापि नोंदीअभावी बँकेचे कर्ज मिळणे त्यांना कठीण जाते. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वार्षिक ६,००० रुपयांचे साहाय्य तर भूधारक कुटुंबांसाठीच आहे.

जमीन हा राज्यसूचीतील विषय असल्याने केंद्राला येथे थेट कायदा करणे शक्य नाही. म्हणून नीती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श कृषी जमीन खंड कायदा राज्यांपुढे ठेवला. मालकाचा हक्क अबाधित राखून खंडकऱ्यास कर्ज व विमा मिळवून देणे हा त्याचा गाभा आहे. आंध्र प्रदेशाने २०११ मध्येच खंडकऱ्यांना कर्जासाठी ओळखपत्र देणारा कायदा केला होता. केरळात ‘कुटुंबश्री’च्या महिला गटांनी खंडाने जमीन घेऊन सामूहिक शेती केली व संयुक्त दायित्व गटांद्वारे बँकांशी व्यवहार जोडले. जमीन नावावर नसतानाही संघटित पतीच्या बळावर शेती उभी राहू शकते, हे या अनुभवातून दिसते.

पुढील दिशा

तरुणांनी शेतीकडे वळावे, हे आवाहन तेव्हाच अर्थपूर्ण ठरेल, जेव्हा कौशल्याबरोबर जमिनीचा वापर, पतपुरवठा व खात्रीची बाजारपेठ त्यांच्या हाती येईल. यांपैकी प्रशिक्षणाच्या आघाडीवर देशाने बरीच मजल मारली आहे. खंडाची कायदेशीर नोंद हे मात्र अनेक राज्यांत अद्याप अपूर्ण राहिलेले काम आहे. ते पूर्ण झाल्याशिवाय शेती हा ग्रामीण युवकासाठी निरुपायाचा नव्हे, तर निवडीचा व्यवसाय होणे कठीण आहे.